बातमी, बायबल आणि सियालदहचा फलाट

कुठे युद्ध पेटले, भूकंप झाला, साथ आली, की घराघरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते, ''आता शेवट जवळ आला!'' आजीबाई म्हणतात, कलियुग भरले. शेजारचे ख्रिस्ती कुटुंब म्हणते, हे सारे आमच्या पवित्र शास्त्रात आधीच सांगून ठेवले आहे. २०२० मध्ये करोनाची साथ आली, २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाले, २०२३ मध्ये गाझा पेटले. दर वेळी जगभरात बायबलची पाने उलटली गेली आणि आजच्या बातमीचा धागा कोणत्या वचनाला जुळतो, याचा शोध सुरू झाला.

धर्मग्रंथाच्या प्रकाशात आजच्या घटनांकडे पाहण्यात गैर काहीच नाही. श्रद्धावान माणूस संकटात आपल्या ग्रंथाकडे वळणार नाही, तर कुठे वळणार? पाहायचे ते इतकेच, की ग्रंथ उघडून आपण त्याला विचारतो काय? बहुतेक वेळा आपले प्रश्न दोनच असतात. पहिला, हे कोणाच्या पापामुळे घडले? आणि दुसरा, आता किती दिवस उरले?

ख्रिस्ती धर्मग्रंथात या दोन्ही प्रश्नांना उत्तर आहे, पण ते विचारणाऱ्याला सुखावणारे नाही. याखेरीज एक तिसरा प्रश्न आहे. तो आपण क्वचितच विचारतो. कोलकात्याच्या सियालदह स्टेशनच्या आसपास मात्र काही माणसांनी तो विचारला आणि त्याच्या उत्तरात आयुष्य घातले. आज त्याविषयीच बोलू या.

पाप कोणाचे?

लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात एक प्रसंग आहे. काही लोक येशूकडे त्या दिवसांतली ताजी बातमी घेऊन येतात. रोमन सुभेदार पिलाताने गालील प्रांतातल्या काही भाविकांना यज्ञ चालू असतानाच ठार मारले होते. बातमी सांगणाऱ्यांच्या मनात काय असावे ते येशूने ओळखले. त्याने दुसरी एक बातमी त्यांना आठवून दिली. यरुशलेममध्ये शिलोह येथला बुरूज कोसळून अठरा माणसे चिरडली गेली होती. ती अठरा माणसे शहरातल्या बाकीच्यांपेक्षा अधिक पापी होती का, असे त्याने विचारले आणि उत्तरही स्वतःच दिले. नव्हती. मग सांगितले, की मेलेल्यांचा हिशेब मांडण्यापेक्षा तुम्ही स्वतः पश्चात्ताप करा.

या प्रसंगाची आठवण करून देणारी घटना कोलकात्यातच घडली. ३१ मार्च २०१६ रोजी, भर दुपारी, सियालदहच्या वायव्येला गिरीश पार्कजवळ बांधकाम चालू असलेला विवेकानंद रोडचा उड्डाणपूल कोसळला. वीसहून अधिक माणसे ठार झाली. त्यात हातगाडीवाले होते, रिक्षातले प्रवासी होते, सावलीला थांबलेले वाटसरू होते. त्या वेळी बांधकाम कंपनीच्या एका अधिकाऱ्याने ही देवाची करणी आहे, असे उद्गार काढले आणि देशभर संताप उसळला. माणसाने आपल्या हातून झालेले देवाच्या माथी मारले, की चौकशीची गरजच उरत नाही, हे सामान्य माणसाला बरोबर कळले होते.

बंगालला हा वाद नवा नव्हता. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवाने दिलेली ही शिक्षा आहे, असे महात्मा गांधी म्हणाले. रवींद्रनाथ टागोर अस्पृश्यतेचे कट्टर विरोधक, गांधीजींविषयी त्यांना अपार आदर. तरीही त्यांनी जाहीर विरोध नोंदवला. निसर्गातल्या उत्पाताची कारणे निसर्गातच शोधायला हवीत, हे त्यांचे म्हणणे. गांधीजींचा मोठेपणा असा, की टागोरांचे हे निवेदन त्यांनी आपल्या 'हरिजन' साप्ताहिकात छापले आणि आपले मतही सोडले नाही. दोघांच्याही मनात दलितांविषयी कळवळाच होता. पण भूकंपात मेलेली मुले कोणाच्या पापाची शिक्षा भोगत होती, या प्रश्नाला गांधीजींच्या मांडणीत समाधानकारक उत्तर सापडत नाही. शिलोहच्या बुरुजाविषयी बोलताना येशूने हा रस्ताच बंद केलेला दिसतो.

दिवस कोणता?

दुसरा प्रश्न तारखेचा. ख्रिस्ती जगात तो विचारणारे कमी नव्हते. एकोणिसाव्या शतकात विल्यम मिलर नावाच्या एका अमेरिकन शेतकऱ्याने बायबलातल्या दानीएलाच्या पुस्तकावरून हिशेब केला. त्यातून त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही ख्रिस्ताच्या पुनरागमनाची तारीख ठरवली. काहींनी शेतातले पीकही कापले नाही. दिवस उगवला आणि मावळला. इतिहासात त्याला 'महानिराशा' म्हणतात. अगदी अलीकडे कॅलिफोर्नियातले रेडिओ-प्रवचनकार हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ ही तारीख दिली. रस्तोरस्ती मोठाले फलक लागले. त्यांच्या अनेक भाविक श्रोत्यांनी कष्टाचा पैसा त्या प्रचारात ओतला. तोही दिवस इतर दिवसांसारखाच गेला.

हे सारे ज्या अध्यायाच्या आधारे चालते, तो मत्तयाच्या शुभवर्तमानातला चोविसावा अध्याय. जैतुनांच्या डोंगरावर बसलेल्या येशूला शिष्य विचारतात, की या युगाचा शेवट केव्हा आणि त्याची चिन्हे कोणती? तो युद्धांचा, दुष्काळांचा, भूकंपांचा उल्लेख करतो. आपल्याला आठवते ते एवढेच. पण त्याच दमात तो घाबरू नका असेही सांगतो, ही तर केवळ वेदनांची सुरुवात आहे असेही सांगतो. आणि पुढे स्पष्ट करतो, की तो दिवस नि ती घटका कोणालाच ठाऊक नाही. देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही, एका पित्यालाच ठाऊक आहे. ज्याने स्वतः तारीख सांगायचे नाकारले, त्याच्याच शब्दांतून तारीख काढायची, हा अजब प्रकार आहे.

खरी गंमत पुढेच आहे. येशूचे ते बोलणे चोविसाव्या अध्यायात संपत नाही. पंचविसाव्यातही तेच चालू राहते. तिथे शेवटी न्यायाच्या दिवसाचे चित्र येते. मेंढपाळ मेंढरे आणि शेरडे वेगळी करतो, तसा राजा माणसांना दोन बाजूंना उभे करतो. कसोटीला सहा गोष्टी लावतो. भुकेल्याला खाऊ घातलेत का? तान्हेल्याला पाणी दिलेत का? परक्याला घरात घेतलेत का? उघड्याला वस्त्र, आजाऱ्याला शुश्रूषा, तुरुंगातल्याला भेट दिलीत का? आणि सांगतो, की त्या क्षुद्रातल्या क्षुद्रासाठी तुम्ही जे केले, ते माझ्यासाठीच केले.

म्हणजे एकाच भाषणात आधी दुष्काळाची बातमी आहे आणि मग भुकेल्याची भाकरी आहे. आधी युद्धाचे वर्तमान आहे आणि मग बेघर परक्यासाठी उघडलेले दार आहे. आपण पहिला भाग वाचून पुस्तक मिटतो. तिसरा प्रश्न पुढच्या पानावर असतो: आज माझ्या दाराशी कोण आले आहे?

मराठीतले पहिले मत्तय

हे मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत प्रथम छापले गेले ते मुंबईत किंवा पुण्यात नव्हे, बंगालमध्ये. सियालदहहून उत्तरेकडे जाणारी लोकल बराकपूरला पोचते. तिथे हुगळीच्या पैलतीरावर श्रीरामपूर दिसते. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले नव्हे, हे बंगालचे श्रीरामपूर. एके काळी ही डेन्मार्कची वसाहत होती. मूळचा इंग्लंडमधला चांभार असलेला विल्यम केरी इथे छापखाना घालून बसला होता. वैजनाथ शर्मा या पंडितांच्या साहाय्याने त्याने मराठीचे व्याकरण केले, कोश केला. १८०५ मध्ये मराठी मत्तय निघाले, १८११ मध्ये संपूर्ण नवा करार. आपल्या पूर्वजांपैकी ज्यांनी मेंढरांची नि शेरडांची ही कथा पहिल्यांदा मराठीत वाचली असेल, त्यांच्या हातातले पुस्तक असे हुगळीच्या काठावरून आले होते. ती कथा अक्षरशः अंगावर येण्याची वेळ मात्र पुढे, त्याच बंगालच्या राजधानीत आली.

जिथे बातम्या गाडीतून उतरत

सियालदहला बंगाली लोक बोलताना 'शियालदा' म्हणतात. शियाल म्हणजे कोल्हा आणि दह म्हणजे डोह, अशी नावाची फोड सांगतात. एकोणिसाव्या शतकात पूर्व बंगालकडे जाणारी रेल्वे इथून निघाली. आज रोज लाखो प्रवासी या स्टेशनातून ये-जा करतात. मुंबईच्या व्हीटीची, म्हणजे आताच्या सीएसएमटीची, गर्दी पाहिलेल्यालाही इथे दम लागेल.

विसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र सियालदह हे नुसते स्टेशन राहिले नव्हते. १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये वीस ते तीस लाख माणसे मेली, असे अभ्यासक मानतात. खेड्यांतून उपाशी माणसांचे लोंढे कोलकात्यात आले. ते दारोदार फिरत, पण भात मागत नसत. भात मागण्याची त्यांना आशाच उरली नव्हती. ते भाताची पेज मागत, जी एरवी गटारात ओतली जाते.

तीन वर्षांनी, १६ ऑगस्ट १९४६ ला, शहरात भीषण दंगल पेटली. चार-पाच दिवसांत हजारो माणसे कापली गेली. पाठोपाठ फाळणी आली. पूर्व बंगालमधून गाड्या भरभरून निर्वासित येऊ लागले आणि त्यांची गाडी थांबे ती सियालदहला. जायला जागा नाही, म्हणून कुटुंबेच्या कुटुंबे फलाटावर राहिली. चार विटांची चूल, एक ट्रंक, एक चटई, हाच संसार. तिथेच बाळंतपणे झाली, तिथेच पटकीने माणसे मेली. १९५१ च्या जनगणनेत पश्चिम बंगालमध्ये अशा निर्वासितांची संख्या सुमारे २१ लाख भरली. त्यांच्यातले काही पुढे सरकारी योजनेतून आपल्या महाराष्ट्रातही आले. आजच्या गडचिरोली जिल्ह्यात मुलचेरा, चामोर्शी भागात बंगाली बोलणारी गावे आहेत, ती या विस्थापितांची.

अशा वेळी शेवट जवळ आला असे कोणाला वाटले असेल, तर त्याला दोष देता येणार नाही. युद्ध, दुष्काळ, साथ. चोविसाव्या अध्यायातली सगळी चिन्हे एकाच शहरात गोळा झाली होती.

भिंतीच्या पलीकडे

सियालदहच्या दक्षिणेला एंटाली भाग लागतो. तिथे लोरेटो धर्मभगिनींच्या आवारात सेंट मेरीज ही बंगाली मुलींची शाळा होती. १९३१ पासून सिस्टर तेरेसा तिथे भूगोल आणि इतिहास शिकवत. मूळच्या अल्बेनियन कुटुंबातल्या, स्कोप्ये शहरात जन्मलेल्या. १९४४ पासून त्या मुख्याध्यापिका होत्या. आवाराच्या भिंतीला लागूनच मोतीझील ही झोपडवस्ती.

दंगलीच्या दिवसांत वसतिगृहातल्या सुमारे तीनशे मुलींना खायला काही उरले नाही. नियम मोडून सिस्टर तेरेसा अन्न शोधायला बाहेर पडल्या. रस्त्यावर त्यांनी प्रेते पाहिली. गस्तीवरच्या सैनिकांनी त्यांना परत पाठवले, पण तांदळाची पोती शाळेत आणून टाकली. त्यानंतर महिन्याभरातच, १० सप्टेंबर १९४६ रोजी, दार्जिलिंगला एकांतसाधनेसाठी जाताना गाडीत त्यांना आतून हाक ऐकू आली, की मठ सोडून गरिबांत गरीब होऊन राहावे. त्या काळी दार्जिलिंग मेल सियालदहहूनच सुटत असे.

चर्चची परवानगी मिळायला दोन वर्षे लागली. ऑगस्ट १९४८ मध्ये स्वस्तातली, निळ्या काठांची पांढरी साडी नेसून त्या लोरेटोच्या दाराबाहेर पडल्या. पाटण्याला काही महिने शुश्रूषेचे शिक्षण घेतले. डिसेंबरात मोतीझीलमध्ये शाळा सुरू केली. फळा नव्हता, म्हणून काठीने मातीत अक्षरे काढली. ७ ऑक्टोबर १९५० रोजी 'मिशनरीज ऑफ चॅरिटी' या संघाला मान्यता मिळाली, तेव्हा सदस्य जेमतेम बारा होत्या. २२ ऑगस्ट १९५२ ला कालीघाटच्या मंदिरालगतच्या धर्मशाळेत 'निर्मल हृदय' उघडले. फलाटावर, फुटपाथवर मरायला टाकलेल्यांना तिथे आणत. १९५३ मध्ये संघाचे मुख्य घर लोअर सर्क्युलर रोडवर आले. या रस्त्याला आता आचार्य जगदीशचंद्र बोस रोड म्हणतात. सियालदहहून तिथे चालत जाता येते. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले, तेव्हा कोलकात्याच्या सॉल्ट लेकच्या छावणीतही याच पांढऱ्या साड्या दिसत होत्या.

पुढचे सारे सर्वांना ठाऊक आहे: १९७९ चे नोबेल, १९८० चे भारतरत्न, ५ सप्टेंबर १९९७ ला निधन आणि ४ सप्टेंबर २०१६ रोजी संतपद.

त्यांच्यावर टीकाही झाली, ती लपवण्याचे कारण नाही. कोलकात्यात वाढलेले डॉक्टर अरूप चटर्जी आणि इंग्रज पत्रकार ख्रिस्तोफर हिचन्स यांनी कठोर आक्षेप घेतले. रुग्णांना आधुनिक उपचार आणि वेदनाशामक औषधे पुरेशी मिळत नाहीत, कोणाकडूनही देणगी घेतली जाते, गरिबीच्या मुळावर घाव घातला जात नाही, असे ते आक्षेप. त्यांतले काही विचार करण्याजोगे आहेत. सेवा करणाऱ्याने सेवेच्या दर्जाबद्दलही उत्तर द्यायला हवे. पण फुटपाथवर मरणाऱ्या माणसाजवळ आधी थांबले कोण, हेही विसरून चालणार नाही.

केडगावची मुक्ती

या वाटेवर आपल्याकडची एक स्त्री पन्नास वर्षे आधी चालून गेली होती. पंडिता रमाबाई १८७८ मध्ये भावासह कोलकात्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पण त्या शहरात येईपर्यंत दुष्काळाने त्यांचे आई-वडील आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने हिरावून नेली होती. आईला स्मशानात न्यायला पुरेशी माणसे मिळेनात, तेव्हा रमाबाईंनीच खांदा दिला. उंची कमी पडली म्हणून तो भार त्यांनी डोक्यावर वाहिला.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींच्या बातम्या आल्या, तेव्हा हा दुष्काळ शास्त्रातल्या कोणत्या भविष्याशी जुळतो, हे पाहत त्या बसल्या नाहीत. त्यांना आपली सोळाव्या वर्षीची भूक आठवली. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-विधवांना घेऊन आल्या. पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावला त्यांनी वसवलेल्या घराचे नाव 'मुक्ती'. १९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्याही मुली आल्या. त्या मुली तिथे शिकल्या, शेती, विणकाम, छपाई करू लागल्या. रमाबाईंनी सोप्या मराठीत केलेले बायबलचे भाषांतर याच मुलींनी छापायला घेतले. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. मुक्ती मिशन आजही चालू आहे.

तारण म्हणजे काय?

इथे एक प्रश्न साहजिकच मनात येतो. ही सारी धडपड स्वर्गात जागा मिळावी म्हणून होती का? ख्रिस्ती लोक ज्याला तारण म्हणतात, ते सत्कर्मांनी विकत घेता येते का?

या एका प्रश्नावरून सोळाव्या शतकात युरोपचे चर्च दुभंगले. माणूस श्रद्धेने तरतो, कर्माने नव्हे, असे मार्टिन ल्यूथरने बजावले. आधार होता संत पौलाच्या पत्रांचा. उलट याकोबाचे पत्र सांगते, की कृतीवाचूनची श्रद्धा निर्जीव असते. जवळजवळ पाचशे वर्षांच्या वादानंतर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक संघ यांनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. त्याचा सारांश असा, की तारण ही देवाची कृपा आहे, ती कमावता येत नाही. सत्कर्म हे त्या कृपेचे फळ आहे.

आपल्या घरातले उदाहरण घेऊ. मूल आईला पाणी आणून देते, ते आईने आपल्याला लेकरू मानावे म्हणून नव्हे. लेकरू तर ते आहेच. पण आई तापाने फणफणली असताना जे मूल पाण्याचा पेलाही देत नाही, त्याच्या प्रेमाबद्दल शंका यावीच.

रमाबाईंनी आपल्या आत्मकथनात मोकळेपणाने लिहिले आहे, की बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. तारणाची खात्री त्यांना वाटली ती आठ-एक वर्षांनी. मदर तेरेसांची कहाणी तर त्याहून विलक्षण आहे. २००७ मध्ये त्यांची खासगी पत्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा जग चकित झाले. संघ स्थापन झाल्याच्या सुमारापासून पुढे जवळजवळ आयुष्यभर त्यांना प्रार्थनेत देवाची जाणीव होत नव्हती. आत नुसता अंधार होता. हाक देणारा जणू हाक देऊन निघून गेला होता. हे आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांखेरीज कोणाला न सांगता त्या रोज पहाटे उठत आणि कामाला लागत.

काहींनी म्हटले, हे ढोंग. पण पंचविसावा अध्याय पुन्हा वाचला, तर वेगळेच काही लक्षात येते. राजाच्या उजव्या बाजूला उभे असलेले नीतिमान लोकही गोंधळून विचारतात, की प्रभो, आम्ही तुला कधी भुकेला पाहिले, कधी तान्हेला पाहिले? म्हणजे त्यांनाही तो दिसला नव्हता! डावीकडच्यांना दिसला नाही, तसाच उजवीकडच्यांनाही दिसला नाही. त्यांच्यात फरक एवढाच, की उजवीकडच्यांनी भाकरी दिली होती. देव दिसत असताना श्रद्धा ठेवणे सोपे. तो दिसत नसताना, मन कोरडे पडलेले असताना, समोरच्याची जखम धुणे कठीण. त्या कथेत मोजदाद झाली ती याची.

गच्चीवरची शाळा नव्हे, रस्त्यावरची मुले

हे सारे जुन्या काळातले, असे कोणी म्हणेल. म्हणून सियालदहचीच आणखी एक गोष्ट. मदर तेरेसांच्या संघाच्या घरापासून थोड्याच अंतरावर लोरेटो डे स्कूल, सियालदह ही मुलींची शाळा आहे. १९७९ मध्ये आयरिश धर्मभगिनी सिस्टर सिरिल मूनी तिथे मुख्याध्यापिका झाल्या. आत गणवेशातल्या मुली, बाहेर फुटपाथवर आणि फलाटावर वाढणाऱ्या मुली, मध्ये एक फाटक. सिस्टर सिरिल यांना ते फाटक बोचू लागले.

१९८५ मध्ये त्यांनी 'रेनबो' उपक्रम सुरू केला. रस्त्यावरच्या मुलींना शाळेत बोलावले. त्यांच्या सोयीने यायचे, जायचे. कचरा वेचून किंवा धाकट्या भावंडांना सांभाळून वेळ मिळेल तेव्हा यायचे. त्यांना शिकवणार कोण? शाळेतल्याच मोठ्या मुली! एकीला एक, अशी जोडी. वेळापत्रकातच त्यासाठी तास ठेवला. तयारी झाली, की मुलीला तिच्या वयाच्या वर्गात घालायचे. ज्यांना रात्री झोपायला सुरक्षित जागा नव्हती, त्यांच्या मुक्कामाची सोयही शाळेने केली. खात्यापित्या घरच्या मुलींचा अभ्यास मागे पडेल, अशी भीती पालकांना वाटली नसेल असे नाही. पण दुसऱ्याला शिकवता शिकवता मुली अधिक शिकल्या. २००७ मध्ये सिस्टर सिरिल यांना पद्मश्री मिळाली. २०२३ मध्ये त्या निवर्तल्या. त्यांच्या मुलींत हिंदू होत्या, मुसलमान होत्या, ख्रिस्ती होत्या. 'परक्याला घरात घेतलेत का?' या प्रश्नाला सियालदहच्या एका शाळेने दिलेले हे उत्तर.

मग आपण काय करावे?

वाचकहो, आपण ख्रिस्ती असा किंवा नसा, टीव्हीवरची वाईट बातमी आपल्या सर्वांच्याच घरात येते. पाच मिनिटे हळहळायचे, कोणाला तरी दोष द्यायचा, दिवस वाईट आले म्हणायचे आणि मालिका लावायची, ही सवय धर्म विचारून लागत नाही. मोबाइलवर भयंकर भाकिते पुढे पाठवायलाही काही कष्ट पडत नाहीत. त्याने आपण फार जागरूक आहोत असे वाटते, एवढेच.

त्याऐवजी एक साधा नियम करून पाहावा. बातमी ऐकली, की त्या सहा गोष्टींतली कोणती आपल्या आवाक्यात आहे, ते घरातल्यांनी मिळून ठरवावे. उन्हाळ्यात पाणीटंचाईची बातमी आली, तर फाटकाशी एक माठ ठेवता येईल. साथीची बातमी आली, तर जिन्याखाली राहणाऱ्या वॉचमनच्या घरी कोणी आजारी नाही ना, हे विचारता येईल. कुठे दंगल झाली, तर आपल्या इमारतीत वेगळ्या धर्माचे जे एकच कुटुंब आहे, त्यांच्याकडे त्या दिवशी मुद्दाम चहाला जाता येईल. मुलांना सोबत घेतले तर फारच उत्तम. धर्मग्रंथ कशासाठी असतात, हे त्यांना प्रवचनापेक्षा यातून लवकर कळेल.

एवढ्याने युद्ध थांबणार नाही, दुष्काळ हटणार नाही. सियालदहच्या फलाटावरचे लाखो निर्वासितही बारा भगिनींनी काही वाचवले नाहीत. सरकारला जाब विचारायचा तो विचारायलाच हवा. पूल कोसळला तर दोषी शोधायलाच हवेत. पण जाब विचारून घरी परतताना, वाटेत पडलेल्या माणसाजवळ थांबायचे की नाही, हे आपल्यालाच ठरवायचे असते. त्यासाठी शेवटची तारीख माहीत असण्याची गरज नाही.